लहान गावाच्या रेडिओ केंद्राचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान गावातलं रेडिओ केंद्र तीस-चाळीस वर्षं रोज बोलत असतं. मग एक दिवस कोणीतरी त्याचा इतिहास लिहायला बसतं आणि लक्षात येतं, की एवढ्या वर्षांत जे बोललं गेलं त्यातलं जवळजवळ काहीच हाताशी नाही. इमारत असते, मनोरा असतो, परवान्याची फाईल असते; आवाज नसतो. या कामाला हात घातलेल्या किंवा घालू पाहणाऱ्या लोकांकडून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

रेडिओ आधी मोठ्या शहरांत आला आणि मग गावांत झिरपला, असंच ना?

बऱ्याच जणांना तसं वाटतं, पण सुरुवातीची गोष्ट उलटीही आहे. ब्रिटनमध्ये नियमित करमणुकीचं पहिलं प्रसारण लंडनहून झालं नाही. चेम्सफर्डजवळच्या रिटल नावाच्या खेड्यात मार्कोनी कंपनीची एक लाकडी झोपडी होती. तिथून १४ फेब्रुवारी १९२२ रोजी २एमटी हे केंद्र सुरू झालं. आठवड्यातून एकदा, मंगळवारी संध्याकाळी, अर्धा तास. निवेदक वेगळा असा कोणी नव्हताच. पीटर एकर्सली हा इंजिनियरच मायक्रोफोनसमोर उभा राहायचा, नकला करायचा, गाण्याची थट्टा करायचा आणि लोक त्याचीच वाट बघायचे. सरकारची अट अशी होती, की दर दहा मिनिटांतली तीन मिनिटं प्रसारण थांबवायचं आणि बंद करण्याचा हुकूम येतोय का ते ऐकत बसायचं. जानेवारी १९२३ मध्ये हे केंद्र थांबलं, पण तोवर श्रोत्यांना घरचा वाटेल असा आवाज कसा असतो, हे त्या झोपडीतून कळून चुकलं होतं.

अमेरिकेतही पिट्सबर्गच्या प्रसिद्ध केडीकेए केंद्राचं मूळ शेजारच्या विल्किन्सबर्गमधल्या एका गॅरेजात आहे. तिथे फ्रँक कॉनरॅड हौसेनं तबकड्या वाजवून हवेत सोडायचा. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये चार्ल्स हेरॉल्ड यानं तर १९०९ पासूनच आपल्या तंत्रशाळेतून आवाज प्रसारित करायला सुरुवात केली होती.

आमचं केंद्र ‘या भागातलं पहिलं’ आहे असं सगळे सांगतात. ते तसंच लिहू का?

लिहा, पण पहिलं म्हणजे नक्की कशात पहिलं, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे. हा दावा जगभर भांडणाचा विषय आहे. हेरॉल्डचं १९०९, हेगमधून हान्सो इडझर्डानं ६ नोव्हेंबर १९१९ रोजी सुरू केलेलं पीसीजीजी, २ नोव्हेंबर १९२० रोजी अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे निकाल सांगणारं केडीकेए: तिघांनाही ‘पहिलं’ म्हणणारे लोक आहेत आणि आपापल्या परीनं तिघंही बरोबर आहेत. कोणी आधी बोललं, कोणी आधी वेळापत्रक जाहीर करून बोललं, कोणाकडे आधी परवाना आला, हे तीन वेगळे प्रश्न आहेत.

तुमच्या गावातही बहुधा तीन-चार तारखा सापडतील. चाचणी प्रसारणाची एक, उद्घाटनाच्या कोनशिलेवरची दुसरी, परवान्यावरची तिसरी. नेत्याला वेळ मिळाला नाही म्हणून उद्घाटन महिनाभर लांबतं आणि केंद्र मात्र आधीच सुरू झालेलं असतं, हे नेहमीचं आहे. सगळ्या तारखा लिहा. त्यातली एक निवडून बाकीच्या झाकून टाकू नका.

केंद्र ‘छोटं’ कशावरून ठरतं?

कागदोपत्री वॅटवरून. पण वॅटचा आकडा एकटा फारसं सांगत नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

अमेरिकेत १९२० च्या दशकात सगळीच केंद्रं एकमेकांवर चढू लागली आणि ऐकणाऱ्याला नुसती शीळ ऐकू यायला लागली. १९२७ मध्ये फेडरल रेडिओ कमिशन नेमलं गेलं आणि ११ नोव्हेंबर १९२८ पासून सगळ्यांना नव्यानं जागा वाटून दिल्या गेल्या. काही वाहिन्या पूर्ण देशभर ऐकू जाणाऱ्या केंद्रांना, काही प्रादेशिक, आणि थोड्या ‘स्थानिक’. स्थानिक वाहिनीवर जास्तीत जास्त १०० वॅट, आणि एकच वाहिनी दूरदूरच्या अनेक गावांना मिळून. छोट्या गावाचा रेडिओ ही वेगळी जात कागदावर आली ती अशी.

मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) केंद्राचा आवाज जमिनीलगत पसरतो. १००० किलोहर्ट्झला लहरीची लांबी ३०० मीटर, म्हणून चांगला मनोरा तिच्या पाव लांबीचा, म्हणजे ७५ मीटरचा असतो. त्याच्या पायथ्याशी तांब्याच्या तारा चक्राच्या आऱ्यांसारख्या जमिनीत पुरलेल्या असतात. नीट उभारलेल्या केंद्रात १२० पर्यंत. जुन्या केंद्राच्या आवारात कधी खणताना हिरवट पडलेली तार हाताला लागली तर ती हीच. जमीन ओलसर असेल तर आवाज लांब जातो, खडकाळ असेल तर अडतो. नदीकाठी, दलदलीजवळ मनोरे का दिसतात, त्याचं कारण हेच.

एफएमचं गणित निराळं. त्याच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, म्हणून तिथे वॅटपेक्षा उंची जास्त कामाला येते. अमेरिकेत जानेवारी २००० मध्ये मान्य झालेल्या कमी शक्तीच्या एफएम केंद्रांना १०० वॅटची मर्यादा आहे आणि त्यांचा पल्ला साधारण साडेपाच किलोमीटर धरला जातो. पण टेकडीवर असलेलं ५० वॅटचं केंद्र खोलगटातल्या ५०० वॅटच्या केंद्राला सहज मागे टाकतं. तेव्हा इतिहासात वॅट लिहा, आणि त्याबरोबर मनोऱ्याची उंची, जागा आणि आवाज कोणत्या वळणापर्यंत यायचा हेही लिहा. ते वळण ड्रायव्हर लोकांना पक्कं माहीत असतं.

जुने लोक सांगतात, दिवस मावळला की केंद्र बंद व्हायचं. हे खरं असेल का?

अगदी खरं असू शकतं. दिवसा वातावरणातला एक खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परावर्तित होतात आणि शेकडो किलोमीटर दूर जाऊन दुसऱ्याच केंद्राच्या डोक्यावर बसतात. म्हणून अमेरिकेत शेकडो छोट्या केंद्रांना फक्त दिवसाचा परवाना असायचा, तर काहींना रात्री शक्ती कमी करावी लागायची. हिवाळ्यात संध्याकाळची बातमीपत्रं आणि शाळांचे सामने यात अर्धवट राहायचे.

हे सगळं चालवायला पैसा कोण द्यायचं?

सुरुवातीला रेडिओ संच विकणारे दुकानदार, वर्तमानपत्रं, महाविद्यालयं, चर्च. संच विकायचा तर हवेत काहीतरी ऐकायला हवं, एवढा साधा हिशेब होता. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रानं घरं विकणाऱ्या कंपनीला पैसे घेऊन दहा मिनिटं बोलू दिलं आणि जाहिरातीचा रस्ता खुला झाला. इतरत्र सरकारं आणि संच बाळगण्याची फी हा मार्ग होता. १५ एप्रिल १९४९ रोजी बर्कलीत केपीएफए सुरू करताना लुईस हिल यांनी तिसरी वाट काढली: जाहिरात नाही, सरकार नाही, श्रोत्यांची वर्गणी.

छोट्या केंद्राचा हिशेब मात्र कायम फाटकाच राहिला. त्याची जुनी जाहिरात-बिलं मिळाली तर जपून ठेवा. कोणत्या दुकानानं किती वर्षं साथ दिली, यातून गावाचा बाजारच समोर उभा राहतो.

गरीब लोकांनी स्वतःचा रेडिओ उभारल्याची जुनी उदाहरणं आहेत का?

आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत मोलाचं पान आहे. दोन्ही उदाहरणं लॅटिन अमेरिकेतली आणि दोन्हींची सुरुवात १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धातली.

कोलंबियात सुतातेन्सा नावाच्या डोंगरी गावात होसे होआकिन साल्सेदो हा तरुण पाद्री १९४७ मध्ये आला. गावातल्या शेतकऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि वस्ती डोंगरभर विखुरलेली. त्यानं एक हौशी बनावटीचा ट्रान्समीटर लावला आणि रेडिओवरून शाळा सुरू केली. एका घरात आजूबाजूचे लोक जमायचे, बॅटरीवरचा संच मधोमध, शेजारी फळा. थोडंफार शिकलेला एक शेजारी खडू घेऊन उभा. रेडिओतला शिक्षक सांगेल ते अक्षर तो फळ्यावर काढणार. पुढे ही रेडिओ-शाळा देशभर पसरली. एखाद्या खेड्यातल्या केंद्रानं सबंध देशाला शिकवायला घेतलं, असं क्वचितच घडलं असेल.

दुसरं उदाहरण बोलिव्हियातल्या कथिलाच्या खाणींचं. सिग्लो वेंते, कातावी, वानुनी अशा खाणवस्त्यांमधल्या कामगार संघटनांनी स्वतःची केंद्रं काढली. कामगार पगारातून वर्गणी द्यायचे. ऐन भरात अशी वीसहून अधिक केंद्रं होती. संपाची बातमी त्यावर, वाढदिवसाच्या शुभेच्छा त्यावर आणि कोणाची बायको बाळंत झाली तर खाणीत उतरलेल्या नवऱ्याला निरोपही त्यावरच. लष्कराला ही केंद्रं डोळ्यांत सलायची. २४ जून १९६७ च्या पहाटे, सान हुआनचा सण साजरा करून लोक परतत असताना सैन्यानं सिग्लो वेंतेवर गोळीबार केला आणि रेडिओचाही ताबा घेतला. जुलै १९८० मध्ये लष्करी उठाव झाला, राजधानीतला आवाज बंद पाडला गेला, तेव्हा खाणींतली केंद्रं एकमेकांना जोडून घेऊन बोलत राहिली. सैन्य एकेका केंद्रापर्यंत पोचत गेलं आणि साखळीतला एकेक आवाज गप्प होत गेला. शेवटच्या केंद्रांनी सैनिक जवळ येत असल्याचं श्रोत्यांना सांगत सांगतच प्रसारण चालू ठेवलं.

सिग्लो वेंतेतल्याच रेडिओ पिओ दोसे या केंद्राची कहाणी लिहिणाऱ्यानं विशेष लक्षात ठेवावी. १९५९ मध्ये ते मिशनऱ्यांनी काढलं ते कामगारांच्या डाव्या विचारांना विरोध म्हणून. पण त्याच वस्तीत राहता राहता, तिथलं जगणं बघता बघता ते कामगारांच्या बाजूनं उभं राहिलं. केंद्र कोणी काढलं यावरून ते शेवटी कोणाचं झालं हे ठरत नाही.

अशा केंद्रावर नेमकं काय लागायचं?

मोठ्या केंद्राला सांगण्यासारखं वाटणार नाही ते सगळं. हरवलेली गाय, बंद पडलेली पाणीपुरवठ्याची मोटार, उद्या शाळेला सुट्टी, बाजारभाव, रक्ताची गरज. आयर्लंडमध्ये १९८८ च्या कायद्यानंतर स्थानिक केंद्रं आली आणि त्यांच्यावरच्या मृत्यूच्या सूचना हा आजही सर्वांत मन लावून ऐकला जाणारा भाग आहे. कोण गेलं, अंत्यविधी किती वाजता: तेवढ्या दोन मिनिटांत घरातलं बोलणं थांबतं.

इतिहास लिहिणारे बहुतेक वेळा मोठ्या पाहुण्यांच्या मुलाखतींमागे लागतात. त्या असू द्यात, पण मंत्री येऊन काय बोलले ते वर्तमानपत्रातही सापडतं. कोणाची म्हैस कधी हरवली आणि कोणी आणून बांधली, हे फक्त त्या केंद्रानं सांगितलेलं असतं.

श्रोते नुसतेच ऐकायचे, की त्यांचाही काही वाटा होता?

कॅनडात १९४१ मध्ये शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. शेजारी एका घरात जमून ऐकायचे, चर्चा करायचे आणि आपले प्रश्न टपालानं केंद्राकडे पाठवायचे. युनेस्कोच्या मदतीनं हाच प्रयोग १९५६ मध्ये पुण्याच्या आकाशवाणी केंद्राभोवतीच्या पाच जिल्ह्यांत, १५० गावांत झाला. आठवड्यातून दोन कार्यक्रम, एकूण वीस. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्याचं सूत्र. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी मंडळं असलेली आणि नसलेली गावं तपासून तुलना केली, आणि मंडळं असलेल्या गावांत लोकांची माहिती खूपच वाढलेली दिसली. रेडिओ दोन्हीकडे ऐकू येत होता. फरक पडला तो एकत्र बसून बोलण्यानं.

म्हणून तुमच्या केंद्राच्या इतिहासात श्रोता मंडळं, पत्र पाठवणारे, फर्माईश करणारे यांना जागा हवी. गावोगावी काही नावं अशी असतात की निवेदकाला ती तोंडपाठ व्हायची. त्या माणसांना शोधा.

ट्रान्झिस्टर आणि एफएममुळे काय बदललं?

पहिला बाजारात आलेला ट्रान्झिस्टर रेडिओ, रिजन्सी टीआर-१, ऑक्टोबर १९५४ चा. तोवर संच दिवाणखान्यात बसलेला असायचा. आता तो शेतात, गोठ्यात, स्वयंपाकघरात गेला. त्याच सुमारास टेलिव्हिजननं संध्याकाळचा श्रोता पळवला. मोठ्या केंद्रांची नाटकं आणि मोठे कार्यक्रम पडद्यावर गेले आणि रेडिओच्या हातात उरलं ते गाणं, बोलणं आणि गाव. त्यामुळे स्थानिक केंद्राला उलट बळच मिळालं.

एफएमचा शोध एडविन आर्मस्ट्राँग यांचा, १९३३ चा. पण संच लोकांकडे यायला फार वर्षं लागली. बीबीसीचं पहिलं स्थानिक केंद्र, रेडिओ लेस्टर, ८ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरू झालं ते फक्त एफएमच्या पट्ट्यावर, आणि बऱ्याच घरांत तो पट्टा असलेला संचच नव्हता. केंद्र आपल्या गावासाठी बोलत होतं आणि गावातल्या पुष्कळांना ते ऐकू येत नव्हतं. तुमच्या भागात एफएम कधी आलं यापेक्षा एफएमचे संच कधी आले, ही तारीख महत्त्वाची.

आशिया-आफ्रिकेत ही लाट कधी आली?

गावातल्या छोट्या केंद्रांची लाट म्हणाल तर १९८० नंतर. श्रीलंकेत महावेली नदीच्या प्रकल्पात विस्थापित झालेल्यांसाठी १९८१ मध्ये महावेली कम्युनिटी रेडिओ, केनियातल्या होमा बे इथे १९८२ मध्ये युनेस्कोच्या मदतीनं छोटं केंद्र. होमा बेचं केंद्र सरकारनं १९८४ मध्येच बंद केलं. त्याच वर्षी भारतात नागरकोविलला आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र सुरू झालं. नेपाळमध्ये रेडिओ सगरमाथा १९९७ मध्ये आला. भारतात ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी १९९५ मध्ये म्हटलं, तरी स्वयंसेवी संस्थांना परवाना मिळायला २००६ चं धोरण यावं लागलं. तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी स्त्रियांनी चालवलेला संगम रेडिओ २००८ मध्ये हवेत गेला. त्या स्त्रियांनी दहा वर्षं आधीपासूनच कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायला आणि गटांत ऐकवायला सुरुवात केली होती. त्यांचा इतिहास परवान्याच्या तारखेपासून मोजला तर अर्धा इतिहास गळतो.

जुनी रेकॉर्डिंग का सापडत नाहीत?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांच्या आवाजात राग असतो, आणि तो मला समजतो. पण कोणी मुद्दाम नासधूस केली असं क्वचितच असतं.

पहिली कितीतरी वर्षं सगळं थेट बोललं जायचं. साठवायचं तर लॅकरचा थर दिलेल्या तबकडीवर, आणि ती काही वेळा वाजवली की झिजायची. चुंबकीय फीत जर्मनीत १९३० च्या दशकात आली, युद्धानंतर जगभर पसरली. फीत पुसून पुन्हा वापरता येते, हा तिचा मोठा गुण, आणि इतिहासाच्या दृष्टीनं तोच घात. छोट्या केंद्राला वर्षाकाठी मोजके स्पूल, म्हणजे फितीची रिळं, मिळायचे. आज रात्रीच्या भाषणासाठी मागच्या महिन्याचं भजन पुसावं लागायचं.

अशा स्पूलचा पुठ्ठ्याचा डबा हातात घेऊन बघा. पाठीवर कागद चिकटवलेला असतो. वर शाईनं एक नाव, त्यावर आडवी रेघ. खाली पेन्सिलीनं दुसरं नाव, अवधी १४ मिनिटं २० सेकंद, त्यावरही रेघ. मग तिसरं, दुसऱ्याच्या अक्षरात. कधीकधी फीत जोडलेल्या जागी ब्लेडनं तिरका छेद दिलेला दिसतो आणि पांढरी चिकटपट्टी पिवळी पडून सुटलेली असते. आत आवाज एकाच कार्यक्रमाचा आहे, पण डब्यावर तीन कार्यक्रमांची नोंद आहे. जे दोन पुसले गेले त्यांचा बहुधा हा एकमेव पुरावा. म्हणून फीत डिजिटल झाली की डबा फेकून द्यायचा नाही. डब्याचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

घरात एक जुना स्पूल सापडला आहे. लावून बघू का?

थांबा. आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर अ‍ॅसिटेटची फीत कुजायला लागली आहे. ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा. १९७० आणि १९८० च्या दशकातल्या काही फिती चिकट होतात, वाजवताना किंचाळतात आणि त्यांचा थर वाजवणाऱ्या यंत्राच्या ‘हेड’वर खरवडून निघतो. अशा फिती जाणकार माणसं कमी तापमानाला तासन्‌तास भाजून तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करतात. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग करू नका.

भरभर मागे-पुढे गुंडाळू नका, ताण येऊन फीत तुटते. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतो. थंड, कोरड्या जागी डबा पुस्तकासारखा उभा ठेवा. डिजिटल करून घ्याल तेव्हा न दाबलेल्या डब्ल्यूएव्ही फाईलमध्ये, २४ बिट आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झवर. एमपीथ्री ही वाटण्यासाठीची प्रत. तिला मूळ समजू नका. आणि खरखर ‘साफ’ केलेली प्रत वेगळी ठेवा. मागे कुत्रं भुंकत होतं, पंखा फिरत होता, हाही त्या स्टुडिओचा इतिहास आहे.

आवाजच उरला नसेल तर लिहायचं कशावरून?

सगळ्यात आधी लॉगबुक. केंद्र किती वाजता सुरू झालं, वीज कधी गेली, कोणता कार्यक्रम उशिरा लागला, हे त्यात मिनिटासकट असतं. ‘१८:०७, वीज गेली. १८:१९, पूर्ववत.’ एवढ्या ओळीमागे अंधारात जनरेटरकडे धावणारा माणूस असतो. मग परवान्याची कागदपत्रं. अमेरिकेत तर प्रत्येक केंद्राची सरकारी नोंदपत्रं जपलेली आहेत. वर्तमानपत्रांतले कार्यक्रमांचे रकानेही कामाला येतात, फक्त एक लक्षात असू द्या: छापलेलं वेळापत्रक म्हणजे ठरलेलं, लागलेलं काय, ते लॉगबुक सांगतं.

एक झरा सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दूरची केंद्रं पकडण्याचा छंद असलेले लोक जगभर आहेत. ते केंद्राला पत्रानं कळवतात की अमुक तारखेला, अमुक वेळी तुमचा आवाज इथे ऐकू आला, तमुक गाणं चालू होतं. केंद्र त्यांना पोच म्हणून एक छापील कार्ड पाठवतं, त्याला क्यूएसएल कार्ड म्हणतात. तुमच्या गावातून नाहीसं झालेलं केंद्राचं चित्र, लहरींचा आकडा (फ्रिक्वेन्सी), इंजिनियरची सही, हे सगळं परदेशातल्या एखाद्या छंदिष्टाच्या खोक्यात शाबूत असू शकतं. काहींनी तर त्या रात्री ऐकलेलं रेकॉर्डही केलेलं असतं.

आणि लहरींचा आकडा बदललेला दिसला तर केंद्र बदललं असं लगेच मानू नका. उत्तर अमेरिकेत २९ मार्च १९४१ रोजी आणि युरोपात २३ नोव्हेंबर १९७८ रोजी आंतरराष्ट्रीय करारानं एका दिवसात असंख्य मध्यम लहरी केंद्रांचे आकडे हलले.

मुलाखती कोणाच्या घ्यायच्या, आणि काय विचारायचं?

निवेदकांकडे सगळेच जातात. त्यांच्याआधी ट्रान्समीटरवरच्या माणसाकडे जा, टंकलेखकाकडे जा, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याकडे जा. निवेदकाला कार्यक्रम आठवतात. यांना दिवस आठवतात.

‘केंद्राबद्दल सांगा’ असं विचारलं की भाषण येतं. त्याऐवजी म्हणा, ‘सकाळी केंद्र सुरू करताना काय बोलायचात, तसंच बोलून दाखवा ना.’ मग बघा काय होतं. ऐंशीच्या घरातलं माणूस पाठ ताठ करतं, घसा खाकरतं, हात नकळत पुढे जातो, जिथे कळ असायची तिथे. आणि उद्घोषणा निघते, लहरींच्या आकड्यासकट, त्याच ठेक्यात. तेवढ्यासाठी तुमचं रेकॉर्डिंग आधीपासून चालू असलं पाहिजे. दुसऱ्यांदा ते तसं येत नाही. एकमेकांशी न जुळणाऱ्या आठवणी आल्या तर दोन्ही नावानिशी ठेवा, अर्थात त्यांची परवानगी घेऊन.

आता सगळ्यांकडे फोन आहे. संकटात अशा केंद्राचा अजून उपयोग होतो का?

दोन घटना सांगते. १८ जानेवारी २००२ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेतल्या मायनॉट या गावाजवळ मालगाडी घसरली आणि अमोनिया वायूचा ढग वस्तीवर आला. एक माणूस दगावला, शेकडो लोकांना त्रास झाला. गावातली सहा केंद्रं एकाच कंपनीच्या हातात होती. पोलिसांनी रेडिओला फोन लावले, पण लोकांना सावध करणारा निरोप वेळेत हवेत गेला नाही. चूक केंद्राची की पोलिसांकडच्या यंत्रणेची, यावर पुढे बराच वाद झाला. १९९६ च्या कायद्यानं एका मालकानं किती केंद्रं घ्यावीत यावरची बंधनं सैल केल्यानंतरची ही घटना, म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते.

दुसरी जपानची. तिथे स्थानिक एफएमची पद्धत १९९२ मध्ये सुरू झाली आणि त्याच डिसेंबरात हाकोदातेत पहिलं केंद्र निघालं. मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर किनाऱ्यावरच्या गावांमध्ये तात्पुरती आपत्ती-केंद्रं उभी राहिली. पाणी कुठे मिळतंय, आंघोळीची सोय कुठे आहे, कोणाचा शोध चालू आहे, हे ती तासातासाला सांगत होती. काही केंद्रं नंतर वर्षानुवर्षं चालली.

तेव्हा तुमच्या केंद्राच्या इतिहासात पुराची, वादळाची, दंगलीची रात्र असेल तर तिला एक परिच्छेद पुरणार नाही. कोण स्टुडिओत पोचू शकलं, कसं पोचलं, घरी कोणाला ठेवून आलं, काय सांगितलं आणि काय मुद्दाम सांगितलं नाही, हे सगळं विचारा.

एफएम जगभरात बंद होणार आहे म्हणतात. मग?

नॉर्वेनं २०१७ मध्ये देशव्यापी केंद्रं एफएमवरून काढून डिजिटलवर नेली. स्थानिक केंद्रांना मात्र एफएमवर राहू दिलं.

आमचं केंद्र बंद झालं आहे. आता काय गोळा करता येईल?

पुष्कळ काही, पण घाई करा. तबकड्यांचा संग्रह कोणाकडे गेला ते शोधा. त्यांच्या वेष्टनांवर निवेदकांनी लिहिलेल्या खुणा असतात. मनोरा उतरवला असेल तर त्याच्या पायाची जागा नकाशावर नोंदवा. तीच लहर आता कोणाला मिळाली आहे ते बघा. शेवटच्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं, शेवटचं गाणं कोणी निवडलं आणि ट्रान्समीटरचा विजेचा दाब खाली आणताना खोलीत आणखी कोण उभं होतं, हे विचारा. लॉगबुकाचं शेवटचं पान मिळालं तर त्याच्या पुढची कोरी पानंही त्याच्याबरोबर ठेवा.